संथ लढाईचा खेळ : नकाशावरचे आरमार

वेल्हे परिसरातील राजगड समुद्रापासून बराच दूर आहे. पश्चिमेला तोरणा, त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग, खाली कोकण आणि मग कुठे किनारा. तरीही मराठ्यांच्या आरमाराची उभारणी झाली त्या काळात स्वराज्याची राजधानी याच गडावर होती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर जहाजे बांधण्यास सुरुवात झाली, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः जहाजातून बसरूरच्या मोहिमेवर गेले. या सर्व वर्षांत खाडीतील, बंदरातील आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या हालचालींची खबर घाट चढून राजगडावर येत होती. ती पोहोचेपर्यंत समुद्रावरचे चित्र बदललेले असणार हे गृहीत धरूनच पुढचा हुकूम द्यावा लागे.

दूर बसून, शिळ्या आणि अपुऱ्या खबरीवर आरमार चालविण्याची ही अवस्था ज्यांना अनुभवायची असेल, त्यांच्यासाठी संगणकावरील खेळांचा एक वेगळा प्रकार आहे. या प्रकारात सागरी आणि हवाई युद्धाचे नियोजन करावे लागते, आणि तेही अत्यंत संथ गतीने. संगणकावरचा युद्धाचा खेळ म्हटले की धडाधड गोळीबार, स्फोट आणि कळफलकावर नाचणारी बोटे डोळ्यांसमोर येतात. येथे त्यातले जवळजवळ काहीच नाही. पडद्यावर असतो तो नकाशा, त्यावर काही चिन्हे आणि एका कोपऱ्यात चालणारे घड्याळ. लढाई सुरू झाल्यावर अर्धा तास काहीच घडले नाही, तर ते खेळ बिघडल्याचे लक्षण नव्हे.

कागदावरून संगणकावर

या खेळांचे मूळ नौदलांच्या अभ्यासवर्गात सापडते. अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील नौदल युद्ध महाविद्यालयात १८८७ पासून असे युद्धखेळ खेळले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये फ्रेड जेन या चित्रकार-पत्रकाराने १८९८ मध्ये आपला सागरी युद्धखेळ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी जगभरातील युद्धनौकांची माहिती देणारा ग्रंथही काढला. कोणत्या जहाजाचे चिलखत किती जाड आणि तोफा किती मोठ्या, हे कळल्याशिवाय खेळ खेळता येणे शक्य नव्हते. पुढे खेळ मागे पडला आणि ग्रंथ संरक्षण क्षेत्रातील प्रमाण संदर्भ ठरला.

या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनच्या मालवाहू जहाजांचे तांडे बुडवीत होत्या. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याकडे एक छोटा विभाग सोपविण्यात आला. आजारपणामुळे त्यांना सक्रिय नोकरीतून निवृत्त व्हावे लागले होते. त्यांच्या हाताखाली होत्या महिला नौदलातील तरुण मुली, काही तर जेमतेम विशीच्या आतबाहेरच्या. खोलीच्या जमिनीवर समुद्र आखला जाई, खडूने जहाजांचे मार्ग काढले जात. नौकांवरून आलेले अधिकारी कापडी पडद्याआड उभे राहून एका लहानशा फटीतून ही जमीन पाहत. खऱ्या युद्धात नौकेच्या कप्तानाला जेवढे दिसते तेवढेच त्यांना दिसावे, हा त्यामागील हेतू. पाणबुडीचा मार्ग पडद्याआडून दिसू नये म्हणून तो वेगळ्या रंगाच्या खडूने काढण्यात येई.

याच जमिनीवर खेळताना लक्षात आले की, पाणबुड्या तांड्याच्या बाहेरून नव्हे, तर मागच्या बाजूने तांड्याच्या आत शिरून हल्ला करीत असाव्यात. त्यावरून संरक्षक नौकांसाठी नवा डावपेच तयार झाला आणि त्याला ‘रास्पबेरी’ असे नाव पडले. पुढे त्या क्षेत्राचे प्रमुख अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन येथे पाणबुडीच्या बाजूने खेळावयास बसले. ते स्वतः पहिल्या महायुद्धातील नामांकित पाणबुडी अधिकारी. समोर होती जेनेट ओकेल ही तरुणी. अ‍ॅडमिरल पुन:पुन्हा हरले.

याच्या उलट उदाहरण जपानचे. मिडवेच्या मोहिमेपूर्वी मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने यामातो या युद्धनौकेवर मोहिमेचा सराव-खेळ केला. मित्सुओ फुचिदा या वैमानिक अधिकाऱ्याने युद्धानंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बाँब पडल्याचा निकाल पंचाने दिला. पण खेळाचे प्रमुख अ‍ॅडमिरल उगाकी यांनी तो आकडा तीनवर आणला. ४ जून रोजी प्रत्यक्ष समुद्रात आकडा कमी करणारे कोणी नव्हते. जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या.

सामान्य खेळाडूपर्यंत हा प्रकार आणण्याचे श्रेय लॅरी बाँड या अमेरिकी नौदलातील माजी अधिकाऱ्याकडे जाते. त्यांचा ‘हार्पून’ हा कागद-पेन्सिलीचा खेळ १९८० मध्ये निघाला. टॉम क्लॅन्सी यांनी बाँड यांच्यासह लिहिलेल्या ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ (१९८६) या कादंबरीतील सागरी लढाईचा भाग याच खेळावर पडताळून पाहिलेला आहे. १९८९ मध्ये ‘हार्पून’ संगणकावर आला. त्यानंतर १९९९ मध्ये ‘जेन्स फ्लीट कमांड’ आला, २०१३ मध्ये ‘कमांड : मॉडर्न एअर/नेव्हल ऑपरेशन्स’ आणि २०१९ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’. ‘कमांड’ची एक व्यावसायिक आवृत्ती संरक्षण संस्थांसाठी वेगळी विकली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ‘सी पॉवर’ दिसावयास अधिक देखणा आहे. त्यात नौका आणि क्षेपणास्त्रे त्रिमितीत दिसतात. ज्यांना निव्वळ नकाशाचा कंटाळा येईल अशांनी तेथून सुरुवात करणे बरे.

खेळात करायचे काय?

‘कमांड’सारख्या खेळात प्रथम एक प्रसंग निवडायचा. त्यात दोन्ही बाजूंच्या नौका, विमाने, तळ, हवामान आणि उद्दिष्ट ठरलेले असते. घड्याळ हवे तेव्हा थांबवता येते आणि हवे तेव्हा कित्येक पटींनी पळवता येते. एक प्रसंग खेळातल्या काही तासांचा असतो किंवा काही दिवसांचा. नवा खेळाडू बहुधा एकच चूक करतो. घड्याळ भरधाव सोडतो, आणि पाच मिनिटांनी पाहतो तो त्याची विनाशिका तळाला गेलेली असते.

नौकांना मार्ग आणि वेग द्यायचा, विमानांना गस्त किंवा हल्ल्याची कामगिरी द्यायची, हे हुकूम सोपे आहेत. खरा खेळ आहे तो पाहण्याचा आणि न दिसण्याचा. रडार चालू केले की दूरवरचे दिसते. पण शत्रूच्या उपकरणांना त्या रडारच्या लहरी त्याहूनही दूरवरून कळतात. अंधाऱ्या माळावर कंदील पेटविणाऱ्याला जेवढे दिसते, त्यापेक्षा तो स्वतः कितीतरी लांबून दिसतो. त्यातलाच हा प्रकार. म्हणून अनुभवी खेळाडू आपल्या नौकांना मौनात ठेवतो. एखादे टेहळणी विमान मुद्दाम बाजूला नेऊन त्याचेच रडार चालू करतो आणि नौका कोठे आहेत याचा पत्ता लागू देत नाही.

शत्रू दिसला तरी तो शत्रू म्हणून दिसत नाही. प्रथम दिसते ते एक अनोळखी चिन्ह आणि ते नेमके कोठे असेल याचा अंदाज देणारे मोठे क्षेत्र. जसजशी माहिती येते तसतसे क्षेत्र आकसते, चिन्हाला नाव मिळते. मच्छीमारांचे ट्रॉलर, मालवाहू जहाजे, प्रवासी विमाने हीसुद्धा त्याच नकाशावर फिरत असतात. ओळख पटण्याआधी क्षेपणास्त्र सोडण्याचा मोह होतो, आणि कधी कधी थांबल्यामुळेच नौका जाते. यांतली कोणती चूक पत्करायची हे खेळाडूने ठरवायचे.

विमानांच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. परत आलेल्या विमानात इंधन आणि शस्त्रे भरून ते पुन्हा सज्ज व्हावयास खेळातले काही तास लागतात. सर्व विमाने एकदम पाठविली, तर ती परत येऊन सज्ज होईपर्यंत आकाश रिकामे. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडा गेलेला असल्याने तिचा वेग मर्यादित झाला होता. विमानवाहू नौकेला उड्डाणासाठी समोरचा वारा लागतो आणि तो मुख्यतः स्वतःच्या वेगातून मिळवावा लागतो. त्या अवस्थेतही तिच्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार आणि चितगाव या भागांवर हल्ले केले. असे बारकावे खेळात आकड्यांच्या रूपाने येतात आणि पुस्तकात वाचताना सहज निसटणारी अडचण तेथे खेळाडूच्या डोक्याला ताप होऊन बसते.

कराचीचा धडा

ओळख पटविण्यातील गोंधळ किती महाग पडतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ४ डिसेंबर १९७१ चा कराचीवरील हल्ला. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीच्या दिशेने गेल्या. नौका लहान, पल्ला मर्यादित. सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या मोठ्या नौका होत्या. ‘निर्घात’ने सोडलेले क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या ‘खैबर’ या विनाशिकेवर आदळले. खैबरवरील लोकांनी आकाशातून झेपावणारा तेजस्वी गोळा पाहिला आणि हा विमानाचा हल्ला आहे असे समजून विमानविरोधी तोफा चालविल्या. तसाच संदेशही पाठविला. दुसरे क्षेपणास्त्र आले आणि खैबर बुडाली. पाठोपाठ सुरुंगशोधक नौका ‘मुहाफिझ’ही गेली.

दोन दिवसांनी गोंधळ उलट दिशेने झाला. कराचीबाहेर भारतीय क्षेपणास्त्र नौका पुन्हा आल्याचा समज झाला आणि पाकिस्तानी हवाई दलाने आपल्याच ‘झुल्फिकार’ या फ्रिगेटवर गोळीबार केला. संगणकावर असा प्रकार घडला की खेळाडू कपाळाला हात लावतो आणि जतन केलेल्या जागेपासून पुन्हा खेळतो. ४ डिसेंबर हा दिवस भारतात नौदल दिन म्हणून पाळला जातो. २०२३ मध्ये त्याचा मुख्य सोहळा सिंधुदुर्गाच्या सान्निध्यात मालवणजवळ झाला.

भोर आणि वेल्ह्यात हे खेळ चालतील?

हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते आणि तेथून सावित्रीच्या काठाने बाणकोटची खाडी. भोर संस्थानाचा सुधागड तालुका तर घाटाखालीच होता. समुद्राचे नाते असे जुने असले, तरी आजची अडचण आहे ती मोबाइलच्या लहरींची. डोंगराच्या कुशीतील अनेक गावांत त्या धड पोहोचत नाहीत, आणि वेगवान हालचालींच्या, इंटरनेटवर एकमेकांविरुद्ध खेळण्याच्या खेळांत एका सेकंदाचा अडथळाही हार पत्करायला लावतो. संथ युद्धखेळांना त्याची पर्वा नसते. खेळ एकदा पुण्यातून किंवा चांगली जोडणी असेल तेथून उतरवून घेतला, की ‘कमांड’ संगणकाविरुद्ध इंटरनेटशिवाय खेळता येतो. पावसाळ्यात वीज गेलीच, तर लॅपटॉपवर घड्याळ थांबवून खेळ जतन करावा. वीज कधी जाणार हे आधी कळत नसल्याने दर काही मिनिटांनी जतन करण्याची सवय येथे उपयोगी पडते. चित्रांचा बडेजाव नसल्याने फार महागडे ग्राफिक कार्डही लागत नाही. मात्र शेकडो चिन्हांचा हिशेब एकाच वेळी करावा लागत असल्याने प्रोसेसर अगदी जुना नसावा.

दोन माणसांनी सावकाश खेळण्याचा मार्गही आहे. ‘वॉर इन द पॅसिफिक’ (२००४) आणि त्याची ‘अ‍ॅडमिरल्स एडिशन’ (२००९) या खेळांत एक खेळी म्हणजे युद्धातला एक दिवस. आपली खेळी करायची, तयार झालेली फाइल ई-मेलने समोरच्याला पाठवायची आणि त्याच्या उत्तराची वाट पाहायची. डिसेंबर १९४१ पासून ऑगस्ट १९४५ पर्यंतचे पूर्ण युद्ध खेळायचे तर तेराशेहून अधिक खेळ्या होतात. रोज एक याप्रमाणे साडेतीन वर्षांहून अधिक काळ. पोस्टकार्डावर चाल लिहून पाठविण्याच्या बुद्धिबळाची ज्यांना आठवण असेल, त्यांना हे नवे वाटणार नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. हे सर्व खेळ इंग्रजीत आहेत, त्यांच्या पुस्तिका जाडजूड आहेत आणि किंमत साध्या खेळांपेक्षा चढी असते. शिकण्याचे पहिले काही दिवस कंटाळवाणे जातात, हेही लपविण्यात अर्थ नाही. सराव-प्रसंग सोडून थेट मोठ्या लढाईत उडी घेणारे बहुतेक जण आठवड्याभरात खेळ काढून टाकतात. एक फ्रिगेट, एक हेलिकॉप्टर आणि एक पाणबुडी एवढ्यावर सुरुवात केली, तर पाय टिकतो.

पाण्यावरचे शिक्षण या परिसराला अगदी परके नाही. वेल्हे परिसरातील पानशेतचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात येते, आणि त्याच जलाशयाच्या काठी ‘पीकॉक बे’ येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र नौका चालविण्याचे धडे घेतात. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी नौदलाचे युद्ध महाविद्यालय आहे. ते १९८८ मध्ये मुंबईजवळ करंजा येथे सुरू झाले आणि २०११ मध्ये गोव्याला हलविण्यात आले.

‘खुकरी’ची संध्याकाळ

या प्रकारच्या खेळात पाणबुडीचा शोध हा सर्वांत कठीण भाग समजला जातो. पाणबुडीला ऐकायचे तर नौकेने हळू चालावे लागते. वेग वाढला की स्वतःच्या यंत्रांच्या आणि पाण्याच्या आवाजात सोनार बहिरा होतो. पण हळू, सरळ चालणारी नौका हे पाणबुडीचे आवडते भक्ष्य. म्हणून नागमोडी मार्ग घ्यावा, थोडे अंतर वेगाने कापावे, मग थांबून ऐकावे, हेलिकॉप्टर असेल तर ते पुढे पाठवावे. हे खेळाडू शिकतो ते बहुधा दोन-चार नौका गमावल्यानंतर.

डिसेंबर १९७१ च्या आरंभी पाकिस्तानची ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी मुंबईबाहेर टपून होती. तिचे कमांडर अहमद तस्नीम यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, २ डिसेंबरच्या रात्री भारतीय ताफा तिच्या जवळून गेला. पण युद्ध सुरू झालेले नसल्याने हल्ल्याची मुभा नव्हती. नंतर हंगोरने पाठविलेले रेडिओ संदेश भारताने टिपले आणि तिचा माग काढण्यासाठी १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनला पाठविण्यात आले. तीन नौकांपैकी ‘कुठार’ बॉयलरच्या बिघाडामुळे जाऊ शकली नाही. गेल्या त्या ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ अशा दोनच. त्यांच्या सोनारपेक्षा हंगोरचे सोनार अधिक लांबचे ऐकू शकत होते. सोनारचा पल्ला वाढविण्याच्या एका उपकरणाची चाचणी खुकरीवर चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवलेला होता, असे नौदलाचा इतिहास सांगतो.

९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर हंगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो न फुटता निघून गेला. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांतच नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीव येथे खुकरीचे स्मारक आहे.

‘कमांड’मध्ये प्रसंग स्वतः तयार करण्याची सोय आहे. शीतयुद्धाच्या काळासाठी त्यात स्वतंत्र माहितीकोश दिलेला आहे. दोन फ्रिगेट, एक पाणबुडी, सायंकाळची वेळ आणि दीवच्या दक्षिणेचा समुद्र एवढे मांडले की प्रसंग तयार होतो. कोणी खुकरीचा वेग वाढवून पाहतो, कोणी तिला नागमोडी नेतो, कोणी वर हेलिकॉप्टर ठेवतो, जे त्या दिवशी तेथे नव्हते. नौका बुडते तेव्हा नकाशावरचे चिन्ह नाहीसे होते आणि संदेशांच्या यादीत एक ओळ वाढते. घड्याळ थांबत नाही. किरपाण अजून नकाशावर असते, पाणबुडी जवळपासच असते आणि पाण्यात माणसे आहेत हे खेळ दाखवीत नाही. प्रत्यक्षात किरपाण त्या रात्री तेथून दूर गेली आणि दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’सह परतून वाचलेल्या ६७ जणांना उचलण्यात आले. तिने थांबावयास हवे होते की जावयास, यावर आजही वाद होतो. खेळाडूला मात्र किरपाणला पुढचा मार्ग लगेच द्यावा लागतो.